अर्नीमामांचा खालचा आवाज

दौंडच्या आमच्या रेल्वे कॉलनीत गणपतीच्या आरतीला शंभरेक माणसं जमायची आणि त्यातल्या एकालाच मंडळाचे अध्यक्ष हात जोडून सांगायचे, "मामा, तुम्ही म्हणू नका. तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा."

या मामांचं नाव अर्नेस्ट गॉडविन. रिटायर्ड गार्ड, सत्तरी ओलांडलेले, अँग्लो-इंडियन. गोरेपान, घारे डोळे, रोज सकाळी इस्त्रीची पँट, आणि तोंड उघडलं की थेट रविवारच्या बाजारातली मराठी. सगळी कॉलनी त्यांना अर्नीमामा म्हणायची.

आरती सगळे एका सुरात म्हणतात. मामा त्याच्या थोडं खालून म्हणायचे. सूर चुकणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, मी स्वतः त्यातलाच आहे. पण आमची चूक कधी वर जाते, कधी खाली येते. मामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नेमाने तेवढेच खाली असायचे. मग शेजारचा माणूस त्यांच्याकडे ओढला जायचा, त्याच्या शेजारचा त्याच्याकडे, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत कॉलनीत उभी फूट पडायची. म्हणून टाळ्या. पण टाळ्यांनीही भागलं नाही. सगळ्यांची टाळी पडायची तेव्हा मामांचे हात उघडे असायचे आणि सगळ्यांचे हात उघडले की त्या मोकळ्या जागेत मामांची टाळी, ठाक्! ढोलकीवाला दुसऱ्या दिवशी रडकुंडीला आला. तिसऱ्या दिवसापासून अध्यक्षांनी मामांच्या दोन्ही हातांत प्रसादाचं ताट द्यायला सुरुवात केली आणि आरती संपेपर्यंत ते खाली ठेवू दिलं नाही.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी पार्सल ऑफिसात क्लार्क होतो, मूळचा शिरूरचा. बायको कुसुम खुटबावची. आम्हांला मिळालेल्या क्वार्टरची एक भिंत मामांच्या घराला लागून होती. मामा रिटायर झाले तरी त्यांच्या रेल्वेतल्या जावयाच्या नावावर ते क्वार्टर कसंबसं टिकून होतं. पुढे जावई लांबची रजा टाकून मामांच्या मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला, मामांची बायको डोरिस त्याआधीच वारलेली, आणि मामा एकटे राहिले. एकटे म्हणजे नुसते राहायला. एकट्यानं काही करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"एकट्याचं काय काम?" हे त्यांचं पालुपद. चहा झाला की कप घेऊन ते आमच्या दारात. "एकट्यानं च्या पिऊ न्हाई, कुसुम. च्याला राग येतो." कुसुमने पहिल्या महिन्यात तोंड वाकडं केलं, दुसऱ्या महिन्यात त्यांच्यासाठी कप वेगळा काढून ठेवला, आणि त्यानंतर मामांना यायला उशीर झाला तर मलाच बघायला पिटाळायची.

त्यांच्या गाण्याचा मात्र तिला मनापासून त्रास व्हायचा. मामा दिवसभर काहीतरी गुणगुणत असायचे आणि त्याला ना शेंडा ना बुडखा. चाल म्हणून काही कळायचीच नाही. एकाच सुरावर बराच वेळ उभे राहायचे, मग एक पायरी खाली, परत वर, की पुन्हा तिथंच. रेडिओवर गाणं लागलं की भिंतीपलीकडून तेच. कुकरची शिट्टी झाली की तिच्या खाली मामांची. भाजीवाली दारावरून "मेथीऽऽ" म्हणून ओरडत निघाली की खिडकीतून मामा तिच्या खालच्या अंगाने "मेथीऽऽ" लावायचे. बिचारीला वाटलं म्हातारा वेडावतोय. तिने शिव्या दिल्या. मामांनी जुडी विकत घेतली आणि म्हणाले, "बाई, तुजा आवाज लई खणखणीत हाय गं. पर एकटाच हाय."

माणसं ते आवाजावरून जोखायचे. कुसुम म्हणजे मधला आवाज, भरवशाचा. मी म्हणजे "मिसळ न्हाई व्हनार तुमची, भाऊ, तुमी ऐकायचं काम करा." आमच्या अध्यक्षांना तर त्यांनी आवाजातच धरलं नव्हतं, नुसता भोंगा म्हणून सोडून दिलं होतं.

आणखी एक खोड होती. शिरूरला ते कधी जायचे नाहीत. दौंडपासून असं कितीसं लांब? पण मी कधीही म्हटलं, मामा, चला एकदा आमच्या गावाला, की ते ताठ व्हायचे. "ज्या गावाला रूळ न्हाई, त्याला मी गाव म्हनत न्हाई. घोडनदीला पानी हाय, बाजार हाय, एश्टीचा डेपो हाय, समदं हाय. रूळ कुठाय?" एवढं बोलायचे, आणि तरीही मी शिरूरहून परत आलो की पहिली चौकशी त्यांचीच. तीही विचित्र. "हवा कशी हाय तिकडं? कोरडी हाय का? घशाला मानवती का मानसाच्या?" मी सांगायचो, मानवते. "म्हातारी मानसं टिकतात का?" टिकतात, मामा. मग ते मान हलवायचे आणि कप घेऊन निघून जायचे. आम्ही समजायचो, म्हातारपणी प्रकृतीचा घोर लागलाय.

एका रविवारी सकाळी मी शिरूरहून एक कॅसेट घेऊन आलो. आमच्या वस्तीत किसनआबांची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांचीच गाणी असायची. मी आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकलेला तो आवाज. आबांना आता सत्तरीच्या पुढे झाली होती आणि आवाज अजून तारेसारखा ताठ होता. कुणीतरी हौसेने जयंतीचं गाणं टेप केलं होतं. मी टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला आणि बटण दाबलं.

आधी पेटी वाजली. मग आबांनी श्वास घेतला. कॅसेटवर तो श्वास नीट ऐकू येत होता. आणि आबांचा पहिला शब्द बाहेर पडायच्या क्षणाला भिंतीपलीकडून मामांचा आवाज त्यांच्याबरोबर उठला. एक क्षणही मागं नाही, पुढं नाही. गाणं मामांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

ओळ पुरी झाली नाही तोच मामा दारात. अर्ध्या गालाला साबण, एका पायात चप्पल.

"ह्यो कोन?"

"आमचे किसनआबा, मामा. शिरूरचे."

"जिता हाय?"

"हो, चांगले खणखणीत आहेत."

"आन् गातो?" मामांनी उंबरा चाचपला आणि त्यावर बसले. "अजून गातो?"

कुसुमने पाणी आणलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत. आणि मग ते जे बोलले ते मी शक्य तितकं जसंच्या तसं सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दौंडला गोऱ्या शिपायांच्या गाड्या थांबायच्या. कॉलनीत साहेबलोकांचा एक क्लब होता, तिथं शनिवारी नाच. त्या वेळी परदेशातून एका नव्या तऱ्हेच्या गाण्याच्या तबकड्या यायच्या. तीन-चार जण एका माइकभोवती खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एक जण चाल म्हणतो आणि बाकीचे तिच्या वरून, खालून, आजूबाजूने चालतात. शब्द एक, श्वास एक, सूर मात्र प्रत्येकाचा वेगळा. नीट मिसळले की कोण कुठला ते सांगता येत नाही. अर्नी, सिरिल आणि डेनिस या तिघा पोरसवद्या रेल्वेवाल्यांनी त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या. वरचा आवाज मिळाला, मधला मिळाला, खालचा अर्नीचा. चाल म्हणणारा गळा काही मिळेना.

तो मिळाला लोको शेडमध्ये. इंजिनं पुसणारा किसन नावाचा खलाशी काम करता करता गात होता. तिघांनी त्याला तबकडी ऐकवली. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण दोनदा ऐकून, इंजिन पुसता पुसता, पाठमोऱ्यानेच त्याने गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"पर क्लबात खलाश्याला कोन घेतंय?" मामा म्हणाले. "आन् किसन तर तुमच्याच वस्तीतला. झाडायला बी पुढच्या दारानं घेत न्हवते. मग आमी स्टेजच्या मागं हिरवा पडदा लावला. त्याला मागच्या दारानं आणला आन् पडद्याआड उभा क्येला, प्रॅक्टिसला बी तितंच. म्हटलं, आजच्या दिवस."

आजच्या दिवसाची चार वर्षं झाली. शिपायांना तिघं दिसायचे आणि चौघं ऐकू यायचे. किसन दिसत नसल्यामुळे एकत्र सुरुवात कशी करायची हा प्रश्न होता. तो पडद्याला तोंड लावून उभा राहायचा. श्वास घेतला की कापड आत ओढलं जायचं. हे तिघे मान किंचित वळवून त्या कापडाकडे बघायचे, आणि ते आत गेलं की गाणं सुरू.

"एका शनवारी एक म्हातारा कर्नल उठला. म्हनाला, चाल कोन म्हनतंय? तुमच्या तिघांच्या बी गळ्यात त्यो आवाज न्हाई. चौथा कुठाय, बोलवा, मला त्याचा हात हातात घ्यायचाय. समदा हॉल गप. सिरिल माझ्याकडं बघतोय, डेनिस बघतोय. पडदा हातभर लांब. नुसता बाजूला सारायचा व्हता, भाऊ." मामांनी हातातलं पाणी खाली ठेवलं. "आन् मी म्हनालो, चौथा कुनी न्हाई, सर. आमी तिघंच हाओत."

"मग?"

"पडदा आत गेला. आन् भाईर आलाच न्हाई."

किसन त्याच रात्री मागच्या दाराने गेला. पुढच्या महिन्यात नोकरी सोडून शिरूरला गेल्याचं कळलं. सिरिल पुढे परदेशात वारला, डेनिस इथल्याच कब्रस्तानात आहे. आणि मामा पन्नास वर्षं आपला खालचा आवाज म्हणत राहिले. म्हणजे आम्ही ज्याला बेसूर म्हणत होतो, ते एका गाण्याचं खालचं अंग होतं. वर चाल नव्हती एवढंच.

"मला वाटलं, त्याचं गानं मी मारलं," मामा म्हणाले. "म्हनून मी कवा इचारलं न्हाई."

एखाद्या भल्या माणसाने या ठिकाणी म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. मला राग आला. खूप आला. किसनआबा माझ्या वस्तीतले, माझ्या वडिलांच्या वयाचे. पार्सल ऑफिसातही कोण कुणाच्या माठातलं पाणी पितो ते मी डोळ्यांनी बघत होतो. मी कॅसेट काढून घेतली आणि म्हणालो, "मामा, तुम्ही आता घरी जा." आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. ते चहाला आले नाहीत. भिंतीपलीकडून काही ऐकूही आलं नाही. शनिवारी कुसुम मला म्हणाली, "तुमचा राग खराय. पर त्ये मानूस आठ दिस च्या प्यायलं न्हाई." मी गेलो. मामा खुर्चीत बसलेले होते.

"शिरूरला जायचंय," ते म्हणाले.

"तिथं रूळ नाही, मामा."

"म्हाईत हाय." मग म्हणाले, "त्याची माफी मागायचीय. आन् जमलं तर एकदा त्याच्यासंगं म्हनायचंय. एकदाच. मग झालं."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आम्ही एसटीने निघालो. मामांनी टाय लावला होता. आयुष्यभर ज्या वाहनाला नावं ठेवली, त्यात बसल्यावर त्यांना राहवेना. कंडक्टरने डबल बेल मारली की हे मागे वळून रस्ता मोकळा आहे का ते बघणार. एका थांब्यावर कंडक्टर चढायच्या आत गाडी हलली, तर मामा ड्रायव्हरवर खेकसले, "गार्डाला सोडून गाडी हालती कशी? लिहून द्या वर!" कंडक्टरने मला विचारलं, "तुमचे कोण?" मी म्हणालो, "मामा." पण शिरूरच्या अलीकडचं न्हावरं मागे पडलं तसं मामांनी मागे वळून बघणं सोडलं. खिडकीच्या गजाला धरून बसले आणि शिरूर येईपर्यंत त्यांनी तो गज सोडला नाही.

रविवारी सकाळी विहारात पार्टीची प्रॅक्टिस असते. आबा पेटीजवळ बसले होते, पांढरा शर्ट, पांढरं धोतर. समोर वस्तीतल्या वीस-पंचवीस बायका-माणसं. मी पुढे होऊन म्हणालो, "आबा, दौंडहून कुणी आलंय." आबांनी बघितलं. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ते उठून उभे राहिले.

"या, सायब."

मामांचा चेहरा पडला. "सायब नगं म्हनू, किसन."

"मंग काय म्हनू? चार वरसं संगं गायलो तवा दुसरं काय म्हनू दिलं का तुमी?"

मामांनी हात जोडले. टाय लावलेल्या त्या म्हाताऱ्याला हात कसे जोडायचे ते नीट जमत नव्हतं. "मी त्या दिवशी खोटं बोललो. पडदा माझ्या हाताला लागत व्हता. मी सारला न्हाई."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले. "मी पलीकडंच व्हतो की."

"मला वाटलं, तू गानं सोडलं."

आबा हसले. रागाने नाही, आश्चर्याने. "सोडीन कशापायी? हितं आलो, आन् लाकडाच्या पाटावर उभा ऱ्हाऊन समद्यांच्या म्होरं गायलो. पन्नास वरसं. पोरं, नातवंडं माझं त्वांड बघत ऐकत्यात. तुमाला काय वाटलं, मी तुमच्या पडद्याकडं बघत बसलो?"

हे मामांना अपेक्षित नव्हतं. एका माणसाचं गाणं आपण संपवलं, या ओझ्याखाली ते म्हातारे झाले होते. ते ओझं आता बाजूला झालं, आणि खाली दुसरंच काहीतरी निघालं. गाणं संपलं होतं ते फक्त मामांचं. मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि आठ दिवसांचा राग कुठे ठेवावा ते कळेना.

"एकदा त्ये जुनं म्हनशील?" मामांनी फार हळू विचारलं. "माझ्यासंगं?"

"न्हाई," आबा म्हणाले. "त्ये मी पडद्यामागं म्हनलेलं हाय. त्ये पुन्ना म्हननार न्हाई."

मामांनी मान हलवली. ते वळले आणि सगळ्यांच्या पाठीमागे, दाराजवळ चपला होत्या तिथं खाली बसायला लागले. गुडघे वाकत नव्हते म्हणून मी त्यांना धरलं.

"तिथं न्हाई," आबांचा आवाज आला.

"मला हितंच बरं हाय, किसन. मी मागं बसून ऐकतो."

"मागं बसून कसं वाटतंय, त्ये मला इचार." आबांनी पेटीवाल्याला सरकायला सांगितलं आणि स्वतःच्या शेजारी सतरंजीवर हात आपटला. "हितं ये, अर्नी. म्होरं बस. दिसू दे समद्यांला."

बायकांनी वाट करून दिली. मामा पुढे गेले आणि आबांच्या शेजारी बसले. जागा कमी होती, दोघांचे खांदे लागले. वस्तीतली सगळी माणसं मामांकडे बघत होती, आणि कुठे बघावं ते मामांना कळत नव्हतं. पेटी सुरू झाली. आबांनी श्वास घेतला. मामांनीही घेतला, मला दिसला.

आबांनी गाणं उचललं. मामांचं तोंड उघडं होतं, पण आवाज आला नाही. मला वाटलं पुढच्या ओळीला येईल, त्याच्या पुढच्या ओळीला येईल. कोरस उठला, टाळ्या पडल्या, चार कडवी झाली. मामा तसेच मान वळवून आबांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत निघालो. स्टँडवर गाडीची वाट बघताना मी विचारलं, "मामा, एवढ्या लांब आलात आणि म्हटलं का नाही? त्यांनी शेजारी बसवलं होतं."

मामांनी टाय सोडवून खिशात घातला.

"चार वरसं मी त्याच्यासंगं गायलो, भाऊ," ते म्हणाले. "गाताना किसन डोळे मिटून घेतो. मला ठावंच न्हवतं."